तहानलेलें मेंढरूं चरत नाहीं
(शास्त्रपाठ : उत्पत्ति २९ : १-१०)



याकोब परदेशीं पोहोंचला, तेव्हां एका विहिरीजवळ मेंढरांचे तीन कळप खोळंबलेले त्यास दिसले. सर्व कळप जमल्यावांचून विहिरीच्या तोंडावरील धोंड काढावयाची नाहीं, असा तेथील परिपाठ होता. दिवस अजून पुष्कळ आहे, मेंढरांस पाणी पाजून चारावयास न्या, असें याकोबानें मेंढपाळांस सुचविलें. आधीं पाणी, मग चारा, हा त्याचा क्रम ध्यानांत घ्या.

उन्हाळ्यांत पाण्याची वेळ टळली, म्हणजे मेंढरूं चरणें कमी करितें. कारण सुका चारा पोटांत भिजल्यावांचून पचत नाहीं. धनी म्हणतो, चारा पुढें असतां हें खंगतें कां? त्यास रोग नसतो, तहान असते. थंडीपेक्षां उन्हाळ्यांत त्यास दुप्पटहि पाणी लागतें. दूध पाजणाऱ्या मेंढीस त्याहून अधिक. दिवसांतून एकदांच पाजलें तरी मेंढरूं एका दमांत पुष्कळ पिऊन तगतें. परंतु त्या गर्दींत धट्टींकट्टीं पुढें घुसतात, आणि कोंकरें मागें राहतात.

आपल्या मालवण किनाऱ्यावर मेंढरें विरळा. आपल्या गोठ्यांत कोंकण कन्याळ शेळ्या. तरी न्याय तोच. घाटावर ऊन कडक, पण हवा कोरडी. तेथें जनावर धापा टाकून अंग निववितें. आपल्या दमट हवेंत धापा टाकूनहि तें लवकर निवत नाहीं. म्हणून चैत्र-वैशाखांत सकाळीं सोडण्यापूर्वीं, दुपारीं सावलींत आणि सांजेस परतल्यावर पाणी ठेवावें. समुद्रालगतच्या कित्येक विहिरी त्या दिवसांत मचूळ होतात. तेव्हां पाणी आधीं चाखून पाहावें.

पाळकांनो, शिक्षकांनो, मंडळींतले लोक वचनांत रुचि घेत नाहींत, अशी आपली तक्रार असते. परंतु रविवारीं एकदां पाजून आपण सात दिवस विहीर झांकून ठेवीत नाहीं काय? जी विधवा भल्या पहांटे मासळीची पाटी घेऊन बाजारास जाते, तिला उपासनेची वेळ सांपडत नाहीं. तिच्या दारीं सांजेस कोण जातो? सर्व जमूं द्या, मग पाहूं, असें म्हणतां म्हणतां दुबळीं जनावरें विहिरीजवळच तहानेनें व्याकुळ होतात.

राहेल आपलीं मेंढरें घेऊन आली, तेव्हां याकोबानें परिपाठाची वाट पाहिली नाहीं. त्यानें स्वतः पुढें होऊन धोंड लोटली. आज सांजेस आपल्या गोठ्यांत जा, आणि सर्वांच्या शेवटीं कोण पितें तें पाहा. मग त्याच दृष्टीनें आपल्या मंडळीकडे पाहा.