बोगद्याचे यजमान कोण?

डोंगर माणसाला अडवितो आणि माणूस डोंगरातून वाट काढतो, ही गोष्ट फार जुनी आहे. सातवाहनांच्या काळी नाणेघाटाने मालाचे तांडे कोकणातून देशावर चढत. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीसाठी होता, असे आजही सांगतात. ती जुनी वाट डोंगराच्या अंगावरून जाई. आजची वाट त्याच्या पोटातून जाते. अंगावरून जाणाऱ्यास डोंगराची मर्जी सांभाळावी लागते, पोटातून जाणाऱ्यास डोंगर फोडावा लागतो. आणि डोंगर फोडावयाचा म्हटले की कोणीतरी प्रथम त्या अंधारात शिरावे लागते, ज्यायोगे इतरांस पुढे उजेडाने जाता यावे. तेव्हा प्रश्न असा की, अनेकांच्या सोयीसाठी थोड्यांना संकटात घालण्याचा अधिकार आपणांस आहे काय. आणि असल्यास तो कोणत्या अटीवर?

हा विषय हुबळीच्या आपणां मराठी कुटुंबांस दूरचा नाही. गोव्यातील कुलदैवताच्या दर्शनास निघालेली आपली कितीतरी माणसे लोंढा मागे टाकून कॅसलरॉक गाठतात, आणि तेथून कुळेपर्यंत आगगाडी बोगद्यामागून बोगदे ओलांडीत, दूधसागराच्या समोरून सह्याद्री उतरते. ही वाट १८८८ च्या सुमारास खुली झाली. मोटारीने पुण्यास जाणाऱ्यास सातारा मागे पडल्यावर खंबाटकीचा बोगदा लागतो. जाताना बोगदा आणि येताना घाट, असा प्रवाशांचा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. बोगद्यात शिरताच मुले हर्षाने ओरडतात, मोठी माणसे काचा लावून घेतात, आणि उजेड आला की बोलणे जेथे तुटले होते तेथून पुढे सुरू होते. ही वाट कोणी खणली, हा विचार मनात येण्याइतका वेळ तो अंधार टिकत नाही.

काही भाविक जनांचे म्हणणे असे की, पर्वत हे देवतांचे निवासस्थान. त्यास छिद्र पाडणे हेच मुळी पाप होय. या म्हणण्यामागील आदर मोठा आहे, त्याची थट्टा करू नये. तथापि हिमालयातील रोहतांग खिंडीकडे एकवार पाहावे. ती सुमारे ३,९७८ मीटर उंचीवर आहे. त्या नावाचा अर्थ प्रेतांचा ढीग असा सांगितला जातो, इतकी माणसे तेथील हिमवादळात पूर्वी गेली. खिंडीपलीकडील लाहौलचे लोक हिवाळ्यात कित्येक महिने बर्फाने जगापासून तुटत. अडलेल्या बाळंतिणीस किंवा अत्यवस्थ रोग्यास खालच्या रुग्णालयात न्यावे कसे? आकाश निवळून हेलिकॉप्टर मिळाले तर नशीब, नाही तर देवाचे नाव. ३ ऑक्टोबर २०२० रोजी त्या खिंडीखालून ९ किलोमीटरांचा बोगदा वाहतुकीस खुला झाला, आणि मनाली व लेह यांमधील अंतर ४६ किलोमीटरांनी घटले. ज्या बोगद्याने बाळंतिणीचा जीव वाचतो त्यास केवळ पाप म्हणणे, हे घाटाखाली सुखाने राहणाऱ्यास सोपे आहे. देवता पर्वतावर वास करीत असेल, तर तिला त्या रोग्याचेही दुःख असलेच पाहिजे.

दुसरा पक्ष याच्या अगदी उलट आहे. तो म्हणतो, मोठे काम म्हटले की चार माणसे जाणारच; त्याला इलाज नाही. हा पक्ष अधिक सुशिक्षित दिसतो, म्हणूनच अधिक घातक आहे. बोरघाटाची आगगाडी आठवावी. १८५६ साली ते काम सुरू झाले आणि १८६३ साली गाडी घाट चढली. वाटेत पंचवीस बोगदे खणावे लागले. भर कामाच्या दिवसांत, १८६१ च्या सुमारास, चाळीस हजारांहून अधिक मजूर त्या कड्यांवर राबत होते. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा इंग्रज ठेकेदार १८५९ मध्ये तेथे आला आणि थोड्याच दिवसांत आजाराने वारला. त्याची पत्नी ॲलिस हिने तो ठेका पुढे चालविला व कामाचा शेवट करविला. तिचे नाव इतिहासात राहिले, आणि ते राहावे हे उचितच होय. परंतु पटकीने, सुरुंगाने आणि कड्यावरून पडून जे हजारो मजूर गेले, त्यांची नावे आपल्यापर्यंत आलेली नाहीत. त्यांच्या घरी श्राद्धाच्या दिवशी कोणी पिंड दिला असेल तर दिला असेल. ज्यांची गाडी घाट चढली त्यांनी कधी दर्भाची काडीही उचलली नाही.

त्याच घाटात शिंगरोबाचे देऊळ आहे. लोककथा सांगते की शिंगरोबा नावाच्या धनगराने गोऱ्या साहेबास डोंगरातली वाट दाखविली. बक्षीस काय हवे असे विचारता त्याने आपल्या देशाचे स्वातंत्र्य मागितले, आणि त्याबद्दल त्यास प्राण गमवावे लागले. कथा खरी की खोटी याचा निवाडा इतिहासकारांनी करावा. आपण एवढेच पाहावे की, घाटातून जाणारे गाडीवान तेथे थांबून हात जोडतात, नाणे टाकतात. सामान्य माणसाच्या अंतःकरणाला हे पक्के ठाऊक आहे की या वाटेचे कोणाचे तरी देणे आपल्या डोक्यावर आहे. मात्र नाणे टाकले म्हणजे देणे फिटले असे मानून आपण पुढच्या वळणावर ते विसरून जातो. पुढे त्याच डोंगराच्या पोटातून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासाठी जवळजवळ नऊ किलोमीटर लांबीचा बोगदा खणण्यात आला, ज्याने सुमारे सहा किलोमीटरांचा फेरा वाचावा. त्यातील मजूर कोण होते, हे आपल्यापैकी कोणी विचारले?

आता अलीकडील एक घटना पाहू. उत्तराखंडात यमुनोत्रीच्या वाटेवर राडी नावाच्या खिंडीखालून सिलक्यारा ते बडकोट असा साडेचार किलोमीटरांचा रस्त्याचा बोगदा खणला जात होता. यात्रेकरूंना बारमाही वाट मिळावी, हा त्यामागील हेतू. म्हणजे ते काम तुमच्या-माझ्यासारख्या भाविकांसाठीच चालले होते. १२ नोव्हेंबर २०२३ रोजी, ऐन दिवाळीच्या दिवशी पहाटे, बोगद्याचे छत कोसळले आणि ४१ मजूर आत कोंडले गेले. झारखंड, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, बंगाल, आसाम अशा दूरदूरच्या प्रांतांतून पोटासाठी आलेली ती माणसे होती. त्यांच्यामध्ये आणि बाहेरच्या जगामध्ये जवळजवळ साठ मीटर जाडीचा ढिगारा होता. एका अरुंद नळीतून त्यांस हवा आणि खाणे पोचविले जाई. छिद्र पाडणारे मोठे यंत्र लोखंडात अडकून मोडले. अखेरचे दहा-बारा मीटर माणसांनीच, नळात सरपटत जाऊन, हाताने खोदले. ही माणसे उंदराच्या बिळासारखी अरुंद भुयारे खणणारी. त्यांच्या धंद्याची ही रीत धोक्याची म्हणून हरित न्यायाधिकरणाने मेघालयातील कोळशाच्या खाणींत २०१४ साली तिच्यावर बंदी घातली होती. त्यांत हिंदू होते, मुसलमान होते. सतराव्या दिवशी, २८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी, एक्केचाळीसही जण जिवंत बाहेर आले.

आपण सर्वांनी तेव्हा देवाचे आभार मानले, आणि ते योग्यच केले. परंतु आभार मानून झाल्यावर एक गोष्ट तपासावयाची राहते. फेब्रुवारी २०१८ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने हा बोगदा मंजूर केला, तेव्हा त्याच्या वर्णनात संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग स्पष्ट नमूद होता. छत कोसळले त्या दिवशी त्या ४१ जणांपाशी असा कोणताही मार्ग नव्हता. गावकरी म्हणत की, बोगद्याच्या तोंडाशी असलेले बौखनाग देवतेचे लहान देऊळ कामासाठी हलविले म्हणून देव कोपला. त्यांच्या श्रद्धेस धक्का न लावता मी नम्रपणे असे म्हणेन की, देवाचे देऊळ हलविणे ही चूक असेल, परंतु माणसांची वाट न खणणे ही चूक देवाच्या माथी मारता येत नाही. पुढे १६ एप्रिल २०२५ रोजी बोगदा आरपार झाला आणि त्याच दिवशी बौखनागाच्या नव्या देवळात प्रतिष्ठा झाली. देवाला त्याची जागा परत मिळाली, ही आनंदाची गोष्ट. मजुरांना त्यांची वाट मिळणे ही त्याच पूजेची दुसरी बाजू आहे.

पुरोहिताच्या घरी वाढल्यामुळे एक विचार माझ्या मनात वारंवार येतो. शास्त्रात मी पारंगत नाही, तरी तो येथे मांडतो. प्रत्येक मोठ्या कामाच्या आरंभी भूमिपूजन होते. नारळ फुटतो, छायाचित्रे निघतात, मंडप उठतो. परंतु पूजेचा प्राण नारळात नाही, तो संकल्पात आहे. संकल्पात यजमानाला स्थळ सांगावे लागते, काळ सांगावा लागतो, स्वतःचे गोत्र व नाव सांगावे लागते, आणि हे कर्म मी कशासाठी करीत आहे तेही सांगावे लागते. म्हणजे कर्त्याला लपण्यास जागा ठेवलेली नाही. मंत्र पुरोहित म्हणतो, पण फळ यजमानाचे. आणि फळ ज्याचे, त्या कर्मातील उणिवेची काळजीही त्याचीच.

या दृष्टीने पाहिल्यास बोगद्याचे यजमान कोण? सरकार नव्हे, ठेकेदार नव्हे. ते तर पुरोहितासारखे दक्षिणा घेऊन कर्म पार पाडणारे. ज्यांच्या प्रवासाचा वेळ वाचतो, ज्यांची यात्रा सुखाची होते, ते आपण सारे त्या कर्माचे यजमान आहोत. आपल्या फळासाठी दुसऱ्याने प्राण पणाला लावावे आणि आपणांस त्याची वार्ताही नसावी, हे यजमानास शोभत नाही. मजुरास कोणी निष्काम कर्माचा उपदेश करील, तर त्याला विचारावे की, फळाची आशा सोडण्याची शिकवण ज्याने त्याने स्वतःला द्यावयाची असते की आपण फळ घेऊन दुसऱ्याला?

श्रौत यज्ञात ब्रह्मा नावाचा एक ऋत्विज असतो. इतर ऋत्विज आहुती देतात, मंत्र म्हणतात; तो दक्षिणेकडे मुकाट्याने बसून लक्ष ठेवतो, आणि कोठे चूक झाली तर प्रायश्चित्त करवून घेतो. बोगद्याच्या कामातही असा ब्रह्मा हवा. खडकाची जात पाहणारा, पाण्याचा झरा कोठे आहे हे ओळखणारा, पोलादी कमान आणि सिमेंटचा थर पुरेसा नसेल तर काम थांबविणारा, आणि ज्याच्या शब्दापुढे घाई चालणार नाही असा. रोहतांगच्या बोगद्यात सेरी नाल्याखाली खडक इतका भुसभुशीत निघाला व पाणी इतके आले की, अवघे ५८७ मीटर खणण्यास जवळजवळ चार वर्षे लागली. ती चार वर्षे वाया गेली असे मी मानीत नाही. डोंगराने जेवढे दिवस मागितले तेवढे त्यास दिले गेले.

मग आपण घरबसल्या काय करावे? पहिली गोष्ट, गरज आणि हौस यांतील भेद ओळखावा. आपल्याच वाटेवरील तिनईघाट, कॅसलरॉक, कुळे या रेल्वेच्या दुपदरीकरणास दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. तेथील रानावर होणाऱ्या परिणामांचा पुरेसा अभ्यास झाला नव्हता. प्रवास जलद व्हावा असे आपणां सर्वांस वाटते, परंतु आधी अभ्यास आणि मग सुरुंग, हा क्रम धर्माचाच आहे. दुसरी गोष्ट, काम लांबले म्हणून उठल्यासुटल्या कुरकुर करू नये. यजमानाच्या घाईने पुरोहित मंत्र गाळतो, हे आपण सर्व जाणतो. विलंब आळसाचा असेल तर जाब विचारावा, सावधपणाचा असेल तर धीर धरावा. तिसरी गोष्ट, आपल्या मुलांना बोगद्यात शिरताना एवढे सांगावे की ही वाट माणसांनी खणली आहे.

सकाळी अंथरुणातून उठताना भूमीला पाय लावण्यापूर्वी तिची क्षमा मागण्याची रीत आपल्या घरांतून अजून पाळली जाते. क्षमा मागून आपण चालणे थांबवीत नाही. पाऊल मात्र जपून टाकतो. डोंगराच्या बाबतीतही तेच. जेथे खरी गरज आहे तेथे त्याची क्षमा मागून वाट काढावी, आणि ती वाट काढण्यास जो आत गेला आहे तो संध्याकाळी आपल्या घरी परतेल याची तजवीज त्या क्षमेतच धरावी. ज्या संकल्पात मजुराच्या परतीची वाट नाही तो संकल्प अपुरा, मग त्यावर कितीही नारळ फुटोत.