घेण्याआधीचं ऐकणं

भोपाळच्या इंद्रपुरीत संध्याकाळ झाली तरी आवाज थांबत नाहीत. रायसेन रोडवरून बस जातात, गल्लीतून विद्यार्थी बोलत चालतात, डोक्यावर पंखा फिरतो. दार लोटून घ्या. लॅपटॉप उघडा, हेडफोन मात्र अजून हातातच राहू द्या.

आवाज आणखी चांगला हवा, अशी इच्छा मनात आहे. ती रास्त आहे. नवे हेडफोन, बाहेरचा डॅक (आकड्यांतून आवाज घडवणारं यंत्र), छोटा अँप, सगळ्यांची नावं आणि किमती डोक्यात फिरत असतील. आज काहीच विकत घ्यायचं नाही. काय कमी पडतं आहे, एवढंच शोधायचं आहे.

आता हेडफोन कानांवर चढवा. गाणं लावू नका. आवाजाची पातळी नेहमीइतकीच ठेवा आणि स्वस्थ बसा. पंखा किती ऐकू येतो? रस्ता किती आत येतो? तो बराच येत असेल, तर सर्वांत मोठी उणीव इथेच सापडली. उघड्या पाठीचे हेडफोन शांत खोलीत सुरेख वाजतात. इथे बंद पाठीचे जास्त कामाचे. कानात घालायचे असतील तर रबरी टोपी घट्ट बसते का, ते बोटाने हलकेच दाबून पाहा. फट राहिली की खर्ज निसटतो, आणि आपण उगीच यंत्राला बोल लावतो.

आणखी थोडं थांबा. आतून बारीक खरखर येते आहे का? चार्जर काढा. खरखर थांबली, तर ती विजेच्या वाटेनं येत होती. बॅटरीवर ऐकणं हा बिनखर्चाचा उपाय. चार्जर काढूनही ती जॅकमधून येतच राहिली, तर यूएसबीचा छोटा डॅक घेण्याला कारण आहे. तो लॅपटॉपच्या आतली ध्वनीची चिप बाजूला ठेवतो आणि आकड्यांचा आवाज बाहेर, स्वतःच्या परिपथात घडवतो. हेडफोन ब्लूटूथचे असतील, तर हा प्रश्नच मिटला: त्यांचा डॅक आणि अँप त्यांच्या पोटातच असतात.

आता संगीत लावा. इथून इंदूरच्या वाटेवर देवास आहे. क्षयाने आजारी असलेले गायक कुमार गंधर्व 1948 मध्ये तिथे राहायला आले आणि 1992 पर्यंत तिथेच राहिले. त्यांचं एखादं ध्वनिमुद्रण निवडा, पण लक्ष गळ्याकडे नको, मागच्या तंबोऱ्यांकडे द्या. त्यांच्याकडे तंबोरा जुळवणं ही गाण्याइतकीच मोठी साधना होती. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवून जवारी खुलते; एका तारेतून वरच्या स्वरांची रांग उमलते. ती रांग तुम्हाला ऐकू येते का? गायक तानेत शिरल्यावरही टिकते का? की तंबोरा नुसता गुणगुणाट होऊन मागे पडतो? हा फरक बहुतांशी हेडफोन घडवतात. पैसे आधी तिथे खर्च व्हावेत.

आणि डॅकचं काय? सीडीच्या आवाजात सेकंदाला 44,100 नमुने असतात, 16 बिटचे. तेवढ्यात माणसाच्या कानाची 20,000 हर्ट्झची मर्यादा आणि सुमारे 96 डेसिबलचा पल्ला मावतो. आजच्या बहुतेक लॅपटॉपमधला डॅक एवढं काम करून जातो. मुद्रण जुनं असेल, तर त्यातली धूळ कोणताही डॅक पुसणार नाही.

मग अँप कधी? आवाज पूर्ण वाढवूनही गाणं दूर, क्षीण वाटत असेल तेव्हा. 1997 मध्ये आलेल्या सेनहायझर एचडी 600 सारख्या 300 ओहमच्या हेडफोनना लॅपटॉपचा जॅक अनेकदा पुरा पडत नाही. 32 ओहमचे बहुतेक हेडफोन मात्र आरामात चालतात. इथे एक श्वास घ्या आणि स्वतःला विचारा: मला स्पष्ट हवं आहे, की फक्त मोठं? जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 80 डेसिबलचे 40 तास ही सुरक्षित मर्यादा सांगते. 90 डेसिबलला हेच 4 तासांवर येतं. कान दुसरे मिळत नाहीत.

आता शेवटची पायरी. मित्राकडचं एखादं यंत्र मागून आणा. दोन्हींचा आवाज अगदी सारख्या पातळीवर आणा, कारण जरा मोठं वाजणारं नेहमी सरस वाटतं. घरातल्या कुणाला तरी न सांगता जोडणी बदलायला सांगा आणि डोळे मिटून तोच तंबोरा पुन्हा पुन्हा ऐका. फरक प्रत्येक वेळी ओळखता आला, तर निःशंक मनाने घ्या. नाही ओळखता आला, तर पैसे राहू द्या आणि आहे त्याच हेडफोनवर विलंबितापासून द्रुतापर्यंत एक अख्खा राग ऐका. इतकं लक्ष देऊन ऐकायला लागलात, तर आवाज सुधारण्याचं निम्मं काम झालेलं असेल.