शाळेतील पंगत

अन्नदानाचे माहात्म्य आपल्या समाजास नव्याने सांगावयास नको. उत्सवात महाप्रसादाची शेवटची पंगत उठेपर्यंत स्वतः पान न मांडणारी कुटुंबे आपल्यात आहेत. तथापि शाळेत मुलांना मिळणारे मध्यान्ह भोजन हे दान म्हणावे की मुलांचा हक्क, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. आमच्या मते तो हक्क होय.

श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांनी १९०६ साली संपूर्ण बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुलाने शाळेत यावे अशी सक्ती समाज करतो, तेव्हा तेथे ते उपाशी बसणार नाही हे पाहणेही समाजाकडेच येते. पोटात आग असता चित्त फळ्यावर कसे ठरावे?

काही सज्जन म्हणतात, मुलांस जेवू घालणे हे आईबापांचे कर्तव्य आहे. हे खरेच, परंतु पहाटेच मजुरीस गेलेली माता आपले कर्तव्यच करीत असते. शिवाय घरच्या दारिद्र्याचे प्रायश्चित्त बालकाने का घ्यावे?

केंद्र सरकारने १५ ऑगस्ट १९९५ रोजी ही योजना सुरू केली, तरी बहुतेक राज्यांत मुलांस कोरडे धान्यच मिळे. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शिजवलेले अन्नच द्यावे असा आदेश दिला. हा भेद लहान नाही. घरी गेलेल्या धान्याचे साऱ्या कुटुंबात वाटे होतात, आणि लेकीचा वाटा पुष्कळदा शेवटचा असतो. शाळेच्या पंगतीत मात्र मुलीच्या ताटात मुलाइतकेच पडते. पुढे २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांतील आठवीपर्यंतच्या मुलांचा भोजनाचा हक्क मान्य केला. दान दात्याच्या मर्जीवर चालते; हक्काचे अन्न खाताना मुलास मान खाली घालावी लागत नाही.

आता अधिक अवघड गोष्ट. स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित व आदिवासी उमेदवारांस प्राधान्य द्यावे, असे याच न्यायालयाने २००४ साली सांगितले. त्यानंतरही काही गावी दलित बाईच्या हातचे जेवू नये म्हणून आईबापांनी मुलांस बजावल्याच्या घटना घडल्या. देव सर्वांभूती आहे असे आपण नित्य म्हणतो. तो त्या माउलीच्या हाती नाही काय? मुलास भेद उपजत ठाऊक नसतो. तो वडीलधारे शिकवतात.

हक्क मान्य झाला म्हणजे काळजी सरली असेही नव्हे. बिहारमधील सारण जिल्ह्यात जुलै २०१३ मध्ये शाळेतील विषारी अन्नाने तेवीस बालके दगावली. जेथे कोणी पाहत नाही, तेथे असे अनर्थ ओढवतात.

म्हणून सभासद कुटुंबांस आमची विनंती आहे. आपली मुले त्या पंगतीत बसत नसली, तरी मुख्याध्यापकांच्या अनुमतीने महिन्यातून एकदा दुपारी जवळच्या शाळेत जावे, धान्य व पाणी स्वच्छ आहे ना ते पाहावे, आणि मुलांच्या शेजारी बसून तेच अन्न चार घास खावे. वाढणाऱ्या बाईची जात मात्र विचारू नये.