शिलोहाचा बुरूज आणि पारावरील वार्ता

वाचन : लूक १३:१–९, प्रेषितांची कृत्ये ११:२७–३०



सकाळी चहाची कपबशी हाती येते न येते तोच जगभरच्या वार्ता आपल्या दारी येऊन उभ्या राहतात. पूर्वी त्या आठवडी बाजाराहून येत, पुढे रेडिओवरून येऊ लागल्या, आता मोबाइलमुळे त्या प्रत्येकाच्या खिशातच असतात. कोठे भूकंप, कोठे महापूर, कोठे लढाई. आपण ऐकतो, दोन शब्द बोलतो आणि कामाला लागतो. परंतु आपले अंतःकरण कोणत्या बाजूस कलले आहे, हे त्या दोन शब्दांवरून कळते. म्हणून आज वार्ता ऐकणाऱ्याविषयी विचार करू.

आपल्या प्रभूकडेही एकदा लोक वार्ता घेऊन आले. पिलाताने काही गालीली लोकांना यज्ञाच्या वेळीच ठार केले होते. मेलेल्यांचे पाप इतरांहून अधिक होते काय, हा सांगणाऱ्यांच्या मनातील प्रश्न प्रभूने ओळखला व तो विचार खोडून काढला. मग त्याने आपण होऊन दुसरी वार्ता पुढे ठेवली. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली होती; तीही यरुशलेमेतील इतरांहून अधिक अपराधी नव्हती, असे त्याने सांगितले. मेलेल्यांकडे वळलेले बोट त्याने ऐकणाऱ्यांकडे वळविले आणि त्यांना पश्चात्तापास बोलाविले.

आता आपल्याच भागातील एक वार्ता घेऊ. दिनांक ८ मे २०२०. करोनाच्या साथीमुळे टाळेबंदी होती. जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबणारे मध्य प्रदेशाचे मजूर, भुसावळहून गावाकडची गाडी मिळेल ह्या आशेने, रेल्वेच्या मार्गाने पायी निघाले. रात्रभर चालून ते करमाडजवळ थकले. टाळेबंदीत गाड्या बंदच असतील, अशा समजुतीने त्यांतील पुष्कळजण रुळांवरच आडवे झाले. पहाटे मालगाडी आली. चालकाने भोंगा वाजविला, गाडी थांबविण्याचा यत्न केला. तरी सोळा जण प्राणांस मुकले.

ही वार्ता ऐकताच माझ्या तोंडून काय निघाले, ते आज तुमच्यापुढे कबूल करतो. ‘‘रुळावर का कोणी झोपतो?’’ असे मी म्हणालो. माझी वृद्ध आई चुलीपाशी भाकरी थापीत होती. तिने मान वर न करताच विचारले, ‘‘तू कधी रातभर चाललास का रे?’’ मला उत्तर सुचले नाही. दुपारी रुळांमध्ये विखुरलेल्या चपात्यांचे छायाचित्र पाहिले. ती त्यांची वाटेची शिदोरी होती. लूकाचा तेरावा अध्याय मी सेमिनरीत शिकलो होतो, मंडळीला शिकविलाही होता; तरी त्या सकाळी मी मेलेल्यांचे दोष मोजणाऱ्यांच्याच पंक्तीस बसलो होतो.

आपण असे का करतो? मेलेल्याची चूक सापडली, की आपण सुरक्षित आहो असे वाटते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी शाळेत होतो. हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. त्या मुलखाचे पाप भरले, असे म्हणणारे आमच्या पारावरही होते. परंतु माणसे मेली ती जाड दगडमातीच्या भिंती व जड माळवदे अंगावर पडून. आणि तशीच माळवदे आमच्याही गावात होती. तो धक्का आमच्या पायांखाली बसता, तर आमच्या घरांनी आम्हांस अधिक दया दाखविली असती काय?

दुसरा दोष अथेनैकरांचा. त्यांना रोज नवे काही ऐकण्याची व सांगण्याची गोडी होती. आपणही एक दुःख वाचून लगेच दुसऱ्याकडे बोट सरकवितो. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कस्तान व सीरिया येथे भूकंप झाला व पन्नास हजारांहून अधिक माणसे मेली. आपल्यास ती दूरची वार्ता वाटली. परंतु त्यात उद्ध्वस्त झालेले अंताक्या नगर म्हणजेच आपल्या शास्त्रातील अंत्युखिया! शिष्यांना ख्रिस्ती हे नाव प्रथम तेथेच मिळाले.

त्याच अंत्युखियाच्या मंडळीस अगब संदेष्ट्याकडून येणाऱ्या दुष्काळाची वार्ता कळली. त्या विश्वासणाऱ्यांनी यहूदीयातील बंधूंच्या पापांची चर्चा केल्याचे कोठे लिहिलेले नाही. प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे द्यावे असे त्यांनी ठरविले, आणि ती मदत बर्णबा व शौल ह्यांच्या हाती पाठविली. वार्ता कानातून हातापर्यंत गेली.

तेव्हा बंधूंनो, वाईट वार्ता कानी येताच प्रथम क्षणभर गप्प राहा. खरी की खोटी हे कळल्यावाचून ती पुढे धाडू नका. सायंकाळच्या कुटुंबप्रार्थनेत त्या ठिकाणाचे नाव घ्या. मग हाताशी काय आहे ते पाहा. तुर्कस्तानास तुम्ही जाऊ शकणार नाही. परंतु आपल्या गल्लीत झुकलेल्या भिंतीखाली निजणारी एखादी विधवा असेल, ऊसतोडीस गेलेल्यांची म्हातारी माणसे मागे एकटी राहिली असतील. उपदेशक बंधूंनी येत्या रविवारी मंडळीस एवढेच विचारावे : ह्या आठवड्यात कोणाचे दुःख आपल्या कानी आले, आणि त्याचे आपण काय केले?

बुरुजाची गोष्ट सांगून प्रभूने लागलीच निष्फळ अंजिराच्या झाडाचा दाखला दिला. माळ्याने त्या झाडासाठी आणखी एक वर्ष मागून घेतले. भोवती खणून खत घालण्याचे वचन दिले. दुसऱ्याच्या मरणाची वार्ता आपण जिवंतपणी ऐकतो, ती आपल्यास मिळालेल्या त्या वर्षातच ऐकतो. ते वर्ष दुसऱ्यांचा न्याय करण्यात न जावो. प्रभु आपली अंतःकरणे खणो व आपल्या हातांस फळ देवो. आमेन.