दोन प्रकारचे पाहुणे

हाँगकाँगमध्ये आम्ही नऊ वर्षे होतो. २००८ साली गेलो आणि २०१७ साली परतलो. परतल्यावर लोकांचा पहिला प्रश्न महागाईचा असतो. घरभाडे किती, दूध किती, मुलांच्या शाळेची फी किती, हे विचारून झाले की ते आमच्याकडे काहीशा आदराने पाहतात. अशा शहरात निभावून नेणे हा जणू पराक्रमच! हा आदर आम्हीही पुष्कळ दिवस निमूटपणे स्वीकारत आलो. मात्र त्या शहरात एक गोष्ट आम्हांला अतिशय स्वस्त मिळाली होती आणि तिच्या आधारावरच आमचा सारा संसार उभा होता, हे सांगायचे राहून जाते. ती गोष्ट म्हणजे फिलिपाइन्सहून आलेल्या एका आईचे दिवस आणि रात्री.

आम्ही दोघेही नोकरी करत होतो. मुले दोन, घर सहाशे चौरस फुटांचे. घरकामासाठी परदेशातून आलेल्या स्त्रीने मालकाच्या घरीच राहिले पाहिजे, असा तेथे २००३ पासून नियम आहे. करारपत्राला जोडलेल्या तक्त्यात घराचे क्षेत्रफळ लिहावे लागते आणि तिला स्वतंत्र खोली आहे किंवा नाही हेही नमूद करावे लागते. आम्ही प्रामाणिकपणे ‘नाही’ असे लिहिले. ती मुलांच्या खोलीत, त्यांच्या दुमजली पलंगाशेजारी अंथरूण घाली. पगार सरकारने ठरवून दिलेल्या किमान वेतनाहून थोडा अधिक देत होतो, आणि तो अधिकचा भाग मनाशी मोजतही होतो. आमच्या घरभाड्याच्या पाचव्या हिश्श्याइतकीही ती रक्कम नव्हती.

मुले तिला ‘आते’ म्हणत. तागालोग भाषेत थोरल्या बहिणीला आते म्हणतात. आमच्या कानांना मात्र तो शब्द आत्यासारखा वाटे आणि आम्हांला त्याचे कौतुक होते. ती आमच्या घरच्यासारखी आहे, असे आम्ही पाहुण्यांना सांगत असू. वस्तुतः ‘घरची’ आणि ‘घरच्यासारखी’ या दोन शब्दांत केवढे अंतर आहे, हे मराठी माणसाला कोणी शिकवायला नको. मुलांची सख्खी आत्या नऊ वर्षे आमच्याकडे राहिली असती, तर तिला आम्ही त्या फरशीवर झोपू दिले असते काय?

रविवारी तिला सुट्टी. त्या दिवशी हाँगकाँगचा मध्यवर्ती भाग पाहण्यासारखा असतो. चेटर रोडवरची वाहने बंद होतात, हाँगकाँग बँकेच्या प्रचंड इमारतीखालच्या मोकळ्या जागेत पुठ्ठे अंथरले जातात आणि त्यांवर हजारो स्त्रिया बसतात. डबे उघडतात, पत्ते खेळतात, एकमेकींचे केस कापतात, घरी धाडायच्या खोक्यांत साबण नि चॉकलेटे भरतात. दुसरे घर नसल्यामुळे सुट्टी घालवायला रस्ता उरतो. गार्डन रोडवरील सेंट जोसेफ चर्चमध्ये मिस्सेला आम्ही त्यांच्याच बाकांवर बसत असू. एकमेकांना शांती देताना हात हाती येत. मिस्सा संपली की आम्ही जेवायला हॉटेलात जात असू, त्या पुठ्ठ्यांकडे परतत.

आपल्याच समाजातील माणसे आखातात गेली, बोटींवर गेली, गोव्याच्या आणि वसईच्या कितीतरी घरांनी वर्षानुवर्षे पत्रांवर दिवस काढले. म्हणूनच ‘ती स्वखुशीने आली आहे, तिला गावाकडे मिळाले असते त्याहून पुष्कळ अधिक मिळते’ हा युक्तिवाद आमच्या तोंडी सहज येई. तो खोटा नाही, आणि त्यातच त्याचा धोका आहे. गरजेपोटी माणसाने दिलेली संमती खरी असते. परंतु ती घेणाऱ्याचे उत्तरदायित्व तेवढ्याने संपते काय?

या प्रश्नापाशी आम्हांला एका खटल्याने आणून सोडले. हाँगकाँगमध्ये सलग सात वर्षे ‘साधारण वास्तव्य’ केलेल्या परदेशी व्यक्तीला कायम राहण्याचा हक्क मागता येतो. १९८६ पासून तेथे काम करणाऱ्या एका फिलिपिनो घरकामगार स्त्रीने तो मागितला. २०११ मध्ये ती खालच्या न्यायालयात जिंकली, पण मार्च २०१३ मध्ये अंतिम न्यायालयाने एकमताने तिच्याविरुद्ध निर्णय दिला. तिचा परवाना एका ठरावीक मालकाशी बांधलेला, करार संपला की मायदेशी परतण्याचे बंधन, कुटुंब आणण्यास मनाई. तेव्हा असे राहणे हे साधारण वास्तव्य नव्हे, असा तो विचार होता. म्हणजे जी बंधने कायद्याने घातली, तीच तिच्या नकाराचे कारण ठरली. कायदेपंडितांना हे सुसंगत वाटेल. आम्हांला ते वाचताना लाज वाटली, पण ती फार काळ टिकली नाही. २०१५ मध्ये आमची सात वर्षे भरली, आम्ही अर्ज केला आणि हक्क मिळवला. आमचा व्हिसाही सुरुवातीला कंपनीनेच मिळवून दिलेला होता. आते आमच्याआधी सहा वर्षे त्या शहरात आलेली होती. ओळखपत्र आले त्या दिवशी केक तिनेच आणला.

पगार दुप्पट केला असता तरी आमचे अडले नसते. बाजारभावाच्या बाहेर जाऊ नये, इतर घरांना अडचण होईल, असे एका शेजाऱ्याने सुचवले होते, आणि ते आम्हांला सोयीचे वाटले. तिच्याशी आम्ही चांगले वागलो, ही गोष्ट खरी आहे. पण चांगले वागणे आमच्या हाती होते, हवे तेव्हा आखडते घेण्यासारखे. तिच्या हाती काय होते?

आम्ही निघालो तेव्हा तिचा करार अर्थातच संपला. एरवी अशा वेळी दोन आठवड्यांत देश सोडावा लागतो. परंतु मालकच शहर सोडून जात असल्याने तिला तेथेच नवे घर शोधण्याची सवलत मिळाली. शेवटच्या आठवड्यात तिने नव्या करारपत्राचा कागद आम्हांला दाखवायला आणला. पगाराच्या आकड्यावर बोट न ठेवता तिने खालच्या तक्त्यातील एका चौकटीवर ठेवले. स्वतंत्र खोली: होय. नऊ वर्षांत खोलीचा विषय तिने आमच्यापाशी एकदाही काढला नव्हता.