हद्द आणि शीव

जिल्हा गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची समग्र माहिती एकत्र करणारा सरकारी ग्रंथ, कोणताही उघडला तरी प्रकरणांचा क्रम सहसा चुकत नाही: आधी सीमा, डोंगर, नद्या आणि पाऊसपाणी, मग इतिहास. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली १८८४ साली निघालेला सोलापूरचा खंड याच वळणाचा आहे आणि पुढच्या काळातील राज्य सरकारच्या खंडांनीही तेच वळण गिरवले. या क्रमात दडलेले गृहीत मात्र खुपत राहते. जणू जिल्हा नावाची भूमी आधीपासूनच आखून ठेवलेली होती आणि सातवाहनांपासून निजामापर्यंतचे राज्यकर्ते तिच्यावर पाहुण्यासारखे येऊन गेले. धाराशिव जिल्ह्यापुरते तरी हे खरे नाही, हे पाहण्यासाठी त्याच्या दक्षिण सीमेजवळचे, सोलापूर आणि तुळजापूर यांच्या दरम्यानचे तामलवाडी हे गाव पुरेसे आहे.

तेरचा प्राचीन व्यापार, तुळजाभवानीचे ठाणे आणि परांड्याचा किल्ला वाचकाला परिचित आहेत. त्यांची उजळणी येथे नको. पाणी कोठून कोठे जाते, हे अधिक बोलके आहे. तेरणा मांजरेला आणि मांजरा गोदावरीला मिळते. नळदुर्गच्या किल्ल्यात पाणीमहालावरून कोसळणारी बोरी मात्र भीमेकडे, म्हणजे अखेर कृष्णेकडे जाते. बालाघाटाची रांग एकाच जिल्ह्याचे पाणी असे दोन खोऱ्यांत वाटून देते. तुळजापूरच्या डोंगरापासून दक्षिणेकडे उतरत गेलेल्या पट्ट्यातील तामलवाडीचे पाणी सोलापूरच्याच खोऱ्यात जाते, बाजारही सोलापूरचाच जवळचा. निसर्गावर सोपवले असते, तर या गावाची गणना तेरणाकाठच्या गावांबरोबर झाली नसती.

ती झाली, याचे कारण इतिहास. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि सोलापूर इंग्रजांकडे गेले, पण तुळजापूरचा मुलूख निजामाकडे राहिला, म्हणजे लोकांच्या बोलीत मोगलाईत राहिला. १८५३ च्या तहाने वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर हा मुलूख ज्यात मोडत होता तो नळदुर्ग जिल्हाही इंग्रजांच्या कारभाराखाली आला आणि त्याचा कारभार कादंबरीकार म्हणूनही गाजलेल्या फिलिप मेडोज टेलर यांच्या हाती आला. १८६० मध्ये, सत्तावन्नच्या उठावातील निष्ठेची पावती म्हणून, तो निजामाला परत मिळाला. सात वर्षे सोलापूर आणि तुळजापूर यांच्यामधील रेषेच्या दोन्ही बाजूंना एकच सत्ता होती, तरीही रेषा पुसली गेली नाही. १९०४ मध्ये मुख्यालय नळदुर्गहून धाराशिवला हलले, पुढे मीर उस्मान अली खान या निजामावरून उस्मानाबाद हे नाव पडले, १९८२ मध्ये लातूर वेगळे निघाले आणि २०२३ मध्ये धाराशिव हे नाव परत आले. दीडशे-पावणेदोनशे वर्षांत ज्याचे मुख्यालय, नाव आणि आकार हे तिन्ही बदलले, त्याला भूगोल म्हणून पहिल्या प्रकरणात बसवणे हा उघड उलटा क्रम होय.

इंग्लंडमधील जिल्ह्याचा, म्हणजे काउंटीचा, येथे थोडा विचार करणे वावगे ठरू नये, कारण जिल्ह्याचे वर्णन हा ज्ञानप्रकार इंग्रजांनीच येथे रुजवला. रटलंड ही आपल्याकडील एखाद्या तालुक्याहून मोठी नसलेली काउंटी १९७४ च्या फेररचनेत लेस्टरशायरमध्ये विलीन करण्यात आली. लोकांनी ते मनावर घेतले नाही आणि १९९७ मध्ये रटलंडला स्वतंत्र कारभार परत मिळाला. एखाद्या डोंगराने किंवा नदीने ही मागणी केलेली नव्हती; ती केली होती सवयीने.

या सवयीचा उलगडा होण्यासाठी मराठीतील दोन शब्दांमधला भेद उपयोगी पडतो. हद्द दफ्तरात असते, ती सरकार ठरवते आणि ओलांडणाऱ्याकडे संशयाने पाहते. शीव गावाची असते आणि तिच्यावर सीमांतपूजन करून वराचे पाय धुतले जातात. शिवेवर पाहुण्याचा मान होतो, हद्दीवर त्याची झडती होते. निजामी राजवटीत या सरहद्दीवर करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके होते आणि मोगलाईतला हाली सिक्का सोलापुरात कलदार, म्हणजे इंग्रजी, रुपयात बदलून घ्यावा लागे. कोजागरीच्या सुमारास तुळजापूरकडे पायी जाणाऱ्या भाविकांच्या लेखी मात्र ही हद्द कधीच नव्हती. सोलापूर आणि तुळजापूर हा त्यांना एकच रस्ता. त्याच रस्त्यावर तामलवाडीला आज टोलनाका आहे. हा हद्दीचा नाका नव्हे, रस्त्याचा आहे, तरी थांबणे आणि पैसे मोजणे ही जुनी क्रिया तेथे चालूच आहे.

येथवरच्या विवेचनातून हद्द खोटी आणि शीव खरी, असा निष्कर्ष सहज काढता येईल, आणि गॅझेटियरकारांवरील आक्षेपाला तो सोयीचाही आहे. परंतु तो टिकत नाही. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, तेव्हा ही सरहद्द केवळ दोन जिल्ह्यांमधली रेघ उरायला हवी होती. तसे झाले नाही. या रेषेच्या तामलवाडीच्या बाजूच्या शेतातील कुळाचा हक्क १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्याने ठरतो, तर सोलापूरच्या बाजूच्या कुळाला १९४८ चा मुंबईचा कायदा लागू होतो. काळी माती तीच, ज्वारी तीच, बांधावरची बाभळही तीच. कूळ मात्र दोन कायद्यांचे. १७ सप्टेंबरला रेषेच्या अलीकडे मराठवाडा मुक्तिदिनाचा झेंडा चढतो, पलीकडे तो दिवस एरवीसारखाच जातो. उजनी धरणाचे पाणी उचलून आणणारी कृष्णा-मराठवाडा योजना मांडली गेली, तीही निव्वळ खोऱ्याच्या नव्हे, तर मराठवाड्याच्या अनुशेषाच्या भाषेत. जी रेघ पाण्याने आखली नव्हती, ती आता पाणी मागू लागली आहे.

म्हणून गॅझेटियरकारांचा दोष जिल्ह्याला भूगोल मानण्यात नाही. तो भूगोल आरंभापासूनच होता असे समजण्यात आहे. हद्द पिढ्यान्‌पिढ्या वागवली गेली की तिची शीव होते, आणि मग कुळाच्या दाव्यात किंवा कालव्याच्या आराखड्यात ती डोंगराइतकीच आडवी येते. सीमा आणि नद्यांचे प्रकरण ग्रंथात पहिले राहायला हरकत नाही. लिहिताना मात्र ते शेवटी घ्यावे, आणि त्यात बोरी व तेरणा यांच्या शेजारी १९५० च्या कुळकायद्यालाही जागा द्यावी.