जखमेच्या तारखेपासून

सावित्रीकाठच्या दासगाव बंदरात २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. आंबेडकर बोटीने उतरले, ते महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी. त्याच वर्षी मार्चमधल्या भाषणात त्यांनी या मुलखाची जुनी ओळख सांगितली होती. पलटणीतून पेन्शनवर आलेल्या, शिकलेल्या महारांची इथे एके काळी वर्दळ असे. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर त्यांतलेच. पलटणीत शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिकवणे सक्तीचे होते. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ तर पलटणीच्या शाळेत हेडमास्तर होते. पुढे महारांची भरती बंद झाली. वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज लिहिला, पण तो व्यर्थ गेला. भरतीबरोबर घरातली शाळाही गेली, आणि मला तो तोटा पगारापेक्षा मोठा वाटतो. दासगावच्या रामचंद्र बाबाजी मोऱ्यांना शिष्यवृत्ती मिळवूनही महाडच्या शाळेने आधी प्रवेश नाकारला, तो यानंतरच्याच काळात.

जखमी होऊन परतणाऱ्याच्या शिक्षणाचा विचार पहिल्या महायुद्धाने करायला लावला. महाड तालुक्यातल्या फौजी आंबवड्यासारख्या गावांतून माणसे लढायला गेली होती. अपंग जवानांना नवा हुन्नर शिकवण्यासाठी १९१७ मध्ये क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल निघाले. पुढे ते खडकीला आले. १९७१ च्या युद्धानंतर सरकारने आणखी पुढचे पाऊल टाकले आणि शहीद, बेपत्ता व कायमचे अपंग झालेल्या जवानांच्या मुलांची फी उचलली. जुलै २०१७ पासून या मदतीवर महिना दहा हजारांची मर्यादा घातली गेली, तेव्हा माजी सैनिकांनी ओरड केली आणि मार्च २०१८ मध्ये ती मर्यादा उठली. उपकार समजून घेतलेली मदत कमी झाली तर माणूस गप्प बसतो. इथे कोणी गप्प बसले नाही, कारण तोवर हा हक्क झाला होता.

अपंगत्व उशिरा मान्य झाले तर मागच्या वर्षांचे काय, हा प्रश्न मात्र अजून सुटायचा आहे. डिस्चार्ज बुक, मेडिकल बोर्डाचा कागद, मुलाचे बोनाफाइड अशी फाइल घेऊन महाडहून अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायचे, तर सगळा दिवस एसटीत जातो. बोर्डाने अपंगत्व नाकारले, की वाट लष्करी न्यायाधिकरणाकडे वळते. भरतीच्या वेळी निरोगी असलेल्या जवानाचा आजार नोकरीमुळेच जडला असे धरावे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात सांगितले. पण उशिरा दावा केला, तर पेन्शनची थकबाकी सहसा मागच्या तीनच वर्षांची मिळते. हे २००८ च्या तर्सेम सिंग निकालापासूनचे.

पैशांच्या थकबाकीला अशी कात्री लावता येते, पण बाप न्यायाधिकरणात हेलपाटे घालत असताना बारावीनंतर कॉलेज सोडून कंपनीत लागलेल्या पोराची तीन वर्षे कशी मोजायची? निकाल लागतो तेव्हा तो पंचविशीत असतो. माझे म्हणणे स्पष्ट आहे: अपंगत्व मान्य झाले, की त्याची तारीख जखमेच्या दिवसापासून धरावी, तेव्हापासून भरलेली फी परत द्यावी, आणि शिक्षण सोडावे लागलेल्या मुलाला वयाची अट न लावता तीच सवलत पुन्हा द्यावी.